आसूढाळ घोडीचा मालक

दत्तू गेला त्या दिवशी मी ओसरीवर तूर निवडत बसले होते. त्याचा मुलगा रमेश दारात येऊन म्हणाला, "आत्या, आण्णा गेले." मी विचारलं, "कुठं?" कारण माझा हा धाकटा भाऊ न सांगता जाणाराच होता. कुठं घोड्यांचा बाजार भरला, कुणाची घोडी व्याली की हा निघाला. रमेश रडायला लागला तेव्हा मला उमगलं. हरणी घोडीला खरारा करता करता दत्तू गोठ्यातच खाली बसला, तो उठलाच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गाव म्हणालं, घोडीनं खाल्ला.

हरणीच्या डाव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा आहे. बाजारात अशा जनावराला आसूढाळ म्हणतात. ते मालकाला खातं आणि घरात रडारड आणतं, असं मानतात. त्यामुळं कुणी दावणीला बांधत नाही. दत्तूनं ईट गावाच्या पुढं कुठल्याशा जत्रेतून नेमकी तीच आणली. का, तर अंगानं बुटकी, खुरानं टणक, भीमथडी वाणाची, आणि स्वभाव असा गरीब की लेकीसुनांनी, पोराबाळांनी बिनघोर बसावं. टेंपोतून उतरवली तेव्हा त्याची बायको शारदा भाकरतुकडा ओवाळायला आली होती. भोवरा बघून ती तशीच माघारी गेली.

मी म्हणाले, "साऱ्या बाजारानं टाकलेलं तेवढं तुझ्याच नजरेला पडतं व्हय रं?"

"अक्का, बसायचं पाठीवर हाय. डोळ्याखाली न्हाय."

ह्या माणसाशी बोलण्यात अर्थ नसायचा. एकदा मला धान्याच्या पोत्यावर उभी करून त्यानं खोगिरावर चढवलं. ह्या वयात! मी ओरडून गल्ली गोळा केली, तर हा लगाम माझ्या हातात देऊन तंबाखू मळत बसला. "आता तूच उतर," म्हणाला. घोडी मात्र शहाणी. माझे पाय जमिनीला लागेपर्यंत खांबासारखी उभी राहिली.

तिचं सगळं वेळच्या वेळी. हरभरा रात्री भिजत पडायचा, खूर तासायला माणूस परंड्याहून यायचा, जंताचं औषध कधी चुकलं नाही. स्वतःची बीपीची गोळी मात्र कोनाड्यात पडून. विचारलं की, "आठवलं की घेतो." त्याला ती कधी आठवली नाही... भोवरा घोडीच्या डोळ्याखाली होता, अन् आंधळा हा होता. माझ्या भावाला कुणी खाल्लं असेल तर त्याच्या हट्टानं. हे मी त्याच्या दहाव्यालाही बोलले. पाहुण्यांना आवडलं नाही.

तेराव्यानंतर प्रश्न आला हरणीचा. विकावी तर घेणार कोण? कुणी म्हणालं, माळावर सोडून द्या. रमेश चारा टाकायचा, शारदा शेण-लीद काढायची, पण "आमची घोडी" असं तोंडातून कुणी काढीना. बाधा मालकालाच ना! मग मालक व्हायचंच नाही, असा सगळ्यांचा हिशेब. तेवढ्यात घोडीनं पाणी पिणं सोडलं. पोट आत गेलं, कातडी ओढल्यासारखी झाली. जनावरांचे डॉक्टर आले, तपासलं, म्हणाले, "दुखणं दिसत नाही. पण पाणी प्याली नाही तर पोटशूळ उठून मरेल. मालक कोण हिचा?"

रमेशनं आईकडं बघितलं. आईनं चुलीकडं बघितलं. माझं डोकं फिरलं.

"मालकीण मी," म्हणाले. "लिहा माझं नाव."

रमेश दचकला. "आत्या, आसूढाळ हाय ती!"

"असू दे की. माझ्यात खाण्यासारखं राहिलंय काय? हाडंच लागतील तिच्या दाताला."

त्याच सांजेला मी बादली घेऊन गोठ्यात गेले. घोडी बादली हुंगायची आणि तोंड फिरवायची. चुचकारलं, शिव्या दिल्या, काही उपयोग नाही. मग ध्यानात आलं... जनावर पाण्यावर नेलं की आमच्याकडं गडीमाणसं शीळ घालतात, आणि दत्तू तर हरणीचं पिणं होईपर्यंत घालायचा. रमेशला शीळ येत नाही, त्याला मोबाईल येतो. बाईमाणसानं शीळ घालायची नसते, हे मला लहानपणी थोबाडीत मारून शिकवलेलं. आता पुढचे दातही नाहीत. पहिल्यांदा नुसती हवा निघाली, मग थुंकी, मग कशीबशी एक बारीक शीळ. हरणीनं कान टवकारले. माझ्या मागं दाराकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मी थांबले नाही. मग तिनं मान खाली घातली आणि अर्धी बादली ओढली.

आता दोन्ही वेळा हेच. गाल दुखतात, दम लागतो, आणि प्रत्येक वेळी दत्तूला चार शब्द ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही. परवा शारदा गोठ्याच्या दारातून हळूच म्हणाली, "वन्सं, लोक ऐकत्यात."

"ऐकू दे," म्हणाले. "माझी घोडी हाय."