वाटीवरचं नाव

माझी मुलगी शाळेत जायला लागली आणि तापाने गेली. तिच्या बारशाला माझ्या भावाने स्टीलची जाड वाटी दिली होती, काठाखाली तिचं नाव घातलेली. ती गेल्यावर कपडे, दप्तर सासूने देऊन टाकलं. घरात तिचं नाव घेणंही बंद झालं. कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण झालं. वाटी तेवढी राहिली, कारण भांडं कोणी टाकत नाही. तांदूळ मापायला मी तीच घ्यायचे.

भांड्यावरचं नाव म्हणजे मशीनने टोचलेले ठिपके. फार खोल नसतात, रोजच्या घासण्याने झिजतात. त्या जागेवर मी तारेची घासणी लावत नव्हते, नुसता हात फिरवायचे, तरी पहिलं अक्षर गेलं आणि बाकीची पुसट झाली. मी बोलले नव्हते. नवऱ्यानेच एकदा वाटी उजेडात धरली आणि म्हणाले, कोटिंग करून आणतो.

ते डोंबिवलीच्या एमआयडीसीत कोटिंगच्या कारखान्यात होते. वाळूचं पाणी ओढणाऱ्या पंपांचे भाग तिथे यायचे. वाळू लोखंड खाते, म्हणून वर कडक थर द्यायचा. थर टिकतो का ते बघायला थर दिलेल्या पट्टीवर रबरी चाक फिरवायचं, मधून वाळू सोडायची आणि पट्टीचं वजन किती घटलं ते बघायचं. जेवताना ते हे सांगायचे. मी म्हणायचे, मी मोरीत बसून आयुष्यभर हेच करते, मला पगार कोणी देत नाही. रिटायर झाल्यावरही मालक त्यांना अधूनमधून बोलवायचा. आता तिथे काचेसारखा आरपार दिसणारा थर देतात म्हणे. नाव दिसत राहील आणि घासणी लागणार नाही. मी वाटी फडक्यात बांधून दिली.

संध्याकाळी ते चप्पल न काढता दारातच उभे राहिले. मी फडकं सोडलं. वाटी सगळीकडून सारखी, राखाडी. नाव नव्हतं.

थर धरायला भांडं आधी खरखरीत करावं लागतं. त्यासाठी त्यावर हवेच्या जोराने बारीक कच मारतात. कुठलाही माल आला की पहिलं काम तेच. त्यांनी वाटी दुसऱ्या कोणाच्या हातात दिली नाही. स्वतः त्या माऱ्याखाली धरली आणि सवयीप्रमाणे सगळीकडून फिरवली.

"अगं, हात थांबलाच नाही," ते म्हणाले. "मग वाटलं, थर चढला की अक्षरं वर येतील."

त्या रात्री मी त्यांना वाढलं नाही. त्यांनीही मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही कल्याणला भांड्यांच्या दुकानात गेलो, पुन्हा नाव घालायला. दुकानदाराने मशीन चालू करून विचारलं, काय नाव घालू? हे कुकरांकडे बघत राहिले. मग मी सांगितलं. मशीनच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. इतक्या वर्षांनी माझ्या पोरीचं नाव माझ्या तोंडातून निघालं ते असं, दुकानात, ओरडून.

टोक वाटीवर टेकलं आणि घसरलं. एक रेघ उमटली, ती त्याने बोटाने पुसली तर गेली. टोक बदललं, जोर लावला, तेच झालं.

"काकी, यावर काही उठणार नाही," तो म्हणाला. "लावलंय काय याला?"

नवऱ्याने सांगितलं. थर कसला, किती कडक, सगळं. सांगताना आवाज कामावरच्यासारखा झाला, मग मधेच थांबले.

बाहेर पायरीवर आम्ही जरा बसलो. त्यांनी वाटीच्या काठावरून अंगठा फिरवला.

"आपण गेल्यावरही ही अशीच राहील," ते म्हणाले.

"कोणाची म्हणून राहील?" मी विचारलं.

मी वाटी त्यांच्या हातातून घेतली आणि पिशवीत टाकली. पिशवी धरायला त्यांनी हात पुढे केला. मी दिली नाही.