शुक्रवारी विझणारी शेगडी

एमरिस मासेवाला शुक्रवारी संध्याकाळी मोर्विद प्रॉसरच्या बैठकीत येऊन टेकला, की थोड्या वेळानं गॅसची शेगडी विझायची. एरवी ती शहाण्यासारखी जळायची. मोर्विद एकटी विणत बसली तरी जळायची, रविवारी चॅपलच्या बायकांनी येऊन कितीही गप्पा छाटल्या तरी जळायची. पण शुक्रवार आला, एमरिसनं टोपी खुंटीला लावली, ताटं मांडीवर आली, की आतून 'टक्' असा बारीक आवाज यायचा आणि ज्वाळा बसल्या जागी नाहीशा व्हायच्या. मातीचे खोटे कोळसे लालाचे राखाडी व्हायचे आणि दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहायची.

आता, ज्या बाईच्या घरी हे घडत होतं ती बाई साधी नव्हे. वेल्सच्या त्या खोऱ्यात निम्मी माणसं प्रॉसर आणि निम्मी मॉर्गन, म्हणून एकमेकांना धंद्यावरून नाहीतर खोडीवरून ओळखायची रीत. एमरिसनं उभा जन्म गाडीवरून मासे विकले, म्हणून तो मासेवाला. मोर्विदचं नाव मात्र लहानपणीच पडलं होतं: मोर्विद का-बरं. रविवारच्या शाळेत पाद्रीबुवांनी महापुराची गोष्ट सांगितली, पृथ्वीवरचे झाडून सगळे जीव बुडाले म्हणाले, तर ही चिमुरडी उठून विचारते, "मग मासे का बरं नाही बुडाले?" पाद्रीबुवा खोकले, पोरं हसली आणि नाव जे चिकटलं ते चिकटलंच.

पुढं ती घड्याळांच्या कारखान्यात लागली. तिथं अडलेली घड्याळं वेगळ्या टेबलावर यायची, आणि ती का अडली हे शोधायचं काम हिचं. घरी आली तरी खोड जाईना. गल्लीतल्या झाडून सगळ्या बिघडलेल्या इस्त्र्या, रेडिओ, टोस्टर तिच्याच ओट्यावर यायचे. दुरुस्त झाले नाहीत तरी का बिघडले ते ती सांगायचीच, ऐकणाऱ्याला हवं असो वा नसो.

नवरा हवेल खाणीत होता. भूगर्भात वारा खेळता ठेवायचं काम त्याचं, कुठलं दार उघडं ठेवायचं, कुठलं लावायचं, हे बघत तो आयुष्यभर अंधारात हिंडला. बोलणं मोजकं. खाण बंद झाली, फुकटचा कोळसा थांबला, तेव्हा त्यानंच ही शेगडी आणून बसवून घेतली. तो जाऊन तीन हिवाळे झाले होते. एमरिस त्याचा जिवलग. दोघांनी मिळून शर्यतीची कबुतरं पाळलेली.

या वर्षी गारठा ओसरल्यावर हा एमरिस दर शुक्रवारी तिच्याकडे जेवायला यायला लागला, आणि त्यानंच ईस्टरच्या सुमारास, ताटातला मटार काट्यानं इकडून तिकडे ढकलत, मोर्विदला लग्नाचं विचारलं होतं.

मोर्विदला एमरिस आवडायचा. या वयात कशाला लपवायचं? तो आला की घरात हसण्याचा आवाज यायचा, आणि तेवढ्यासाठी ती शुक्रवारची वाट बघायची. "विचार करू दे," असं ती म्हणाली होती ते नुसतं आपला मान राखायला. पण त्याच सुमारास गारठा परतला, शेगडी पेटवावी लागली, आणि शुक्रवारचं ते विझणं सुरू झालं.

शेजारची बेरिल कुंपणावरून म्हणाली, "मला विचारशील तर हवेलला आवडत नाहीये हे. त्याची शेगडी, त्याची खुर्ची, आणि त्यावर त्याचाच दोस्त मांडी ठोकून बसतो. कोण सहन करेल?"

"मेल्यावर काय उद्योग नाहीत का त्याला?" मोर्विद म्हणाली.

"हस तू. पण शुक्रवारीच का बरं विझते, ते सांग की."

आपलाच 'का बरं' दुसऱ्याच्या तोंडून ऐकणं मोर्विदला झोंबलं. बेरिल हे एमरिसजवळही बोलली असणार, कारण पुढच्या शुक्रवारी तो खुर्चीच्या कडेवर बसला, पाहुण्यासारखा.

मोर्विदनं शान गॅसवालीला बोलावलं. पोरगी तशी वयानं लहान, पण हातात सफाई. तिनं शेगडी उघडली, आतली एक बारकीशी निळी ज्योत दाखवली.

"ही सदा जळती ज्योत. हिच्यासमोर ही काडी. काडी तापलेली आहे तोवर गॅस चालू. ज्योत हलली, काडी गार पडली, की गॅस आपोआप बंद."

"ज्योत का बरं हलते?"

"कचरा अडकला तर. नाहीतर खोलीतली हवा बिघडली तर. ती मुद्दाम तशी नाजूक बनवतात, मिसेस प्रॉसर. राखणदार आहे म्हणा." शाननं ज्योतीच्या तोंडाशी अडकलेलं लोकरीचं बोंड काढलं, धुराची कांडी लावून धुराडं नीट ओढतंय ते पाहिलं. "विणकाम जरा लांब बसून करा. आता नाही विझायची."

नाही विझली. गुरुवारपर्यंत.

शुक्रवारी एमरिसनं समुद्रावरचा ताजा हेक मासा आणला. मोर्विदनं तो लोण्यात तळला, ताटं घेऊन आली, दोघांनी पहिला घास घेतला आणि आत टक् झालं.

एमरिसनं ताट खाली ठेवलं. "मोर्विद, मी त्याच्याबरोबर जन्मभर कबुतरं उडवली. त्याच्या मनात काय आहे ते मला कळतं."

"मेलेल्या माणसाच्या मनातलं कळतं, आणि समोर बसलेल्या बाईच्या?"

एमरिस उठला. बहिणीनं समुद्राकाठच्या गावात त्याच्यासाठी खोली रिकामी ठेवली होती, महिनाअखेर तिला होय किंवा नाही कळवायचं होतं. "तिला होय कळवतो," म्हणाला, आणि इतका घाईनं गेला की टोपी खुंटीलाच राहिली. मोर्विद विझलेल्या शेगडीसमोर बसून राहिली. तिला हवेलचा राग आला, एमरिसचा आला, आणि सगळ्यात जास्त त्या टक् आवाजाचा आला. घड्याळ अडलं तर ते रुसलंय असं कारखान्यात कुणी म्हणालं असतं तर तिनं त्याला टेबलावरून उठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी बेरिल साखर मागायला आली, तर मोर्विद डोक्यावर एमरिसची टोपी घालून हवेलच्या खुर्चीत पाय पसरून बसलेली.

"डोक्यावर परिणाम झालाय का तुझ्या?"

"बोलू नकोस. मी एमरिस आहे."

शेगडी मजेत जळत होती. मोर्विदनं एमरिससारखं खाकरून पाहिलं, त्याच्यासारखा पाय हलवून पाहिला, बेरिलला समोर बसवून त्याचे जुनेच विनोद सांगितले. ज्वाळा ढिम्म हलल्या नाहीत.

"म्हणजे माणूस नव्हे," मोर्विद टोपी काढत म्हणाली. "मग माणसाबरोबर काय येतं?"

"मासे," बेरिल म्हणाली, आणि आपण काही कामाचं बोललो हे तिच्या लक्षातही आलं नाही.

मोर्विद मात्र ताडकन उठली. खरंच की. हवेल गेल्यापासून तिनं एकटीसाठी मासा कधी तळला नव्हता. एका जिवासाठी कोण पसारा मांडणार? पावावर अंडं, नाहीतर सूप, झालं. तळण व्हायचं ते एमरिस आला की. तिनं दुकानातून मासा आणला, बेरिलला शेगडीसमोर पहाऱ्यावर बसवलं आणि तवा चढवला. मासा तळायचा म्हणजे एक्झॉस्टचा पंखा आलाच, कारण पडद्यांना माशाचा वास लागलेला तिला खपत नसे. हा पंखाही हवेलचाच उद्योग. खाणीचं कॅन्टीन मोडलं तेव्हा तिथला त्यानं उचलून आणला होता, आणि तो एवढा दांडगा की सुरू केला की बैठकीतला मधला पडदा स्वयंपाकघराच्या बाजूला फुगायचा.

मासा अजून उलटायचा होता तोच बैठकीतून बेरिलचा आवाज आला. "गेली गं."

मोर्विद पळत आली. बेरिलनं एकदा शेगडीकडे पाहिलं, एकदा रिकाम्या खुर्चीकडे. "एमरिस तर त्याच्या घरी आहे."

"आहेच."

"मग हवेल माशावर रागावला म्हणायचा?"

मोर्विदला हसू आवरेना. तिनं मासा बाजूला ठेवला, दार उघडून खोलीतली हवा चांगली मोकळी होऊ दिली, मग ते लावून शेगडी पुन्हा पेटवली आणि नुसता पंखा लावला. थोड्या वेळानं टक्. मासा नाही, एमरिस नाही, हवेलही नाही. पंखा. तिला कारखान्यातल्या टेबलावर बसल्यासारखं वाटलं. पण एक काटा अजून अडत होता. पंखा हवेलनं बसवला, शेगडी हवेलनं बसवली, आणि तो होता तेव्हाही शुक्रवारी मासे तळले जातच होते. तेव्हा का बरं विझली नाही?

शानला तिनं पुन्हा बोलावलं आणि सगळं रीतसर सांगितलं. शाननं विनोद केला नाही. तिनं धुराची कांडी शेगडीच्या तोंडाशी धरली, धूर मुकाट वर गेला. मग पंखा लावायला सांगितला. धूर जरा डगमगला, वळला आणि सरळ खोलीत यायला लागला. शाननं लगेच सगळं बंद केलं.

"मागच्या खेपेला मी पंखा लावून बघितलं नाही, ही चूक माझी," ती म्हणाली. "पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो. आत यायला वाट नाही, सगळ्या फटी तुम्ही बुजवलेल्या. मग तो धुराड्यातून खाली ओढतो. जळलेला गॅस तुमच्या दोघांच्या छातीत गेला असता. शेगडी विझत होती म्हणून तुम्ही आहात." तिनं कांडी विझवली. "शेगडीला हवा लागते, मिसेस प्रॉसर."

मोर्विद जवळच्या स्टुलावर बसली.

हवा लागते. हेच शब्द. हवेलच्या खुर्चीमागची वर सरकणारी खिडकी तो बोटभर उघडी ठेवायचा, खाली लाकडाची पाचर घालून. बाहेर बर्फ असो, काही असो. तिनं त्यावरून घर डोक्यावर घेतलं होतं, "माझी हाडं गारठतात आणि तुला खिडकी हवी," आणि तो दरवेळी एवढंच म्हणायचा, "असू दे गं, हवा लागते." तिला वाटायचं त्याला लागते. खाणीतल्या माणसाची छाती, धुळीनं भरलेली, त्याला घुसमटत असेल. म्हणून ती कुरकुर करत गप्प बसायची. एकदा तर त्यानं खुर्च्यांची अदलाबदल केली, खिडकीची जागा आपण घेतली आणि शेगडीजवळची तिला दिली, तेव्हा ती म्हणाली होती, "घे, तुझी लाडकी जागा घे." आणि तो गेल्यावर, दफन होऊन आठवडा झाला नव्हता, तिनं पाचर काढली, खिडकी लावली आणि फटीवर चिकटपट्टी मारली. आता घर ऊबदार होईल म्हणून.

"काय झालं?" शाननं विचारलं.

"काही नाही. मी मूर्ख आहे," मोर्विद म्हणाली, आणि नाक ओढत उठून टेबलाच्या खणातून पाचर काढून आणली. टाकून मात्र दिली नव्हती.

चिकटपट्टी खरवडायला दोघी लागल्या. खिडकी पाचरीवर टेकवली, पंखा लावला, शाननं कांडी धरली. धूर सरळ वर गेला आणि वरच जात राहिला. शाननं बराच वेळ तपासलं. "पुढच्या आठवड्यात येऊन भिंतीत हवेसाठी जाळी बसवते. मग खिडकी लावलीत तरी चालेल. तोवर ही उघडी हवीच."

"जाळी बसव," मोर्विद म्हणाली. "खिडकीचं मी बघते."

गुरुवारी ती टोपी घेऊन एमरिसच्या कबुतरखान्याशी गेली. त्यानं निम्मी कबुतरं देऊनसुद्धा टाकली होती. "टोपी विसरलास," ती म्हणाली. "उद्या मासे आण."

"कशाला मोर्विद? पुन्हा तेच."

"आण म्हटलं ना."

तो आला. मासे आणले, पण कोट काढला नाही. मोर्विदनं तळले, पंखा घोंघावला, पडदा फुगला, ताटं मांडीवर आली. एमरिस एका डोळ्यानं ताटाकडे आणि एका डोळ्यानं शेगडीकडे बघत जेवत होता. ताट रिकामं झालं तरी शेगडी जळत होती. मग त्यानं कोट काढला. मग मानेवरून हात फिरवला.

"मागून वारा लागतोय गं. खिडकी लावू का?"

"लावू नकोस," ती म्हणाली, आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. पंख्याचं, धुराचं, पाचरीचं. "साऱ्या जगाला मी 'का बरं' विचारलं, एमरिस. चॅपलमध्ये विचारलं, कारखान्यात विचारलं. घरातल्या माणसाला एकदाही नाही विचारलं. त्यानं माझ्यासाठी जन्मभर मानेवर वारा घेतला आणि मी त्याच्याशी भांडले."

"तोही काही बोलला नाही ना."

"बोलला की. दरवेळी बोलला."

शेगडीचे खोटे कोळसे लाल होऊन बसले होते. मोर्विदनं डोळे पुसले आणि त्याच्याकडे नीट पाहिलं.

"माझं होय आहे," ती म्हणाली. "पण ती खिडकी तशीच राहणार. भिंतीत दहा जाळ्या बसल्या तरी. या खुर्चीत बसणाऱ्याच्या मानेला वारा लागणार. चालेल?"

एमरिस उठला, खुंटीवरचा आपला मफलर घेतला, मानेभोवती दोन वेढे दिले आणि पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसला.

"बहिणीला कळवायला पाहिजे," तो म्हणाला.