तो कॉम्प्युटर ताईनं बनवला

मोहाडीच्या चौकात बसमधून उतरले आणि समोर दादा दिसला. फ्लेक्सवरचा. पानठेल्याच्या छपराहूनही उंच, अंगात कोट, हाताची घडी, आणि फोटोवाल्यानं रंग इतका उजळलेला की घरच्यांनीही क्षणभर थबकावं. त्याच्या कॉम्प्युटर-दुकानाचा वर्धापनदिन होता. खाली तालुक्यातल्या मान्यवरांचे वाटोळे चेहरे, आणि मधोमध पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं, ‘मोहाडीत स्वतःच्या हातांनी पहिला कॉम्प्युटर बनवणारे’. धान कापणीचे दिवस होते. भारे लादलेले ट्रॅक्टर चौकातून वळत होते आणि हवेत नव्या धानाचा तो कोरडा, गोडसर, नाकात तुसासारखा टोचणारा वास भरला होता. या वासासाठी मी दरवर्षी काहीतरी निमित्त काढून गावी येते. त्या दिवशी मात्र तो छातीत घ्यायलाही सुचलं नाही. पिशवी हातात तशीच धरून मी ते वाक्य पुन्हा वाचलं आणि कानशिलं तापली.

तुम्हाला म्हणून सांगते, तो कॉम्प्युटर दादानं बनवला नाही. ताईनं बनवला. आम्हा तिघांत ती थोरली, दादा मधला, मी शेंडेफळ. हे वाक्य मी आजवर किती जणांपुढे म्हटलं असेल, आणि प्रत्येकानं ते लहान बहिणीचा हट्ट म्हणून कौतुकानं ऐकून सोडून दिलं. कौतुकाचा मला आता वीट आला आहे.

आमचं घर कोष्ट्याचं. पुढच्या खोलीत माग, मागाखाली खड्डा, खड्ड्यात बाबांचे पाय. पण एका लुगड्यात घरातल्या सगळ्यांचे हात असायचे. आई चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात घालायचं सूत गुंडाळून द्यायची. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, लावताना एक टोक तिच्याकडे. तुटलेले धागे सांधायचं काम ताईचं. तिची गाठ इतकी बारीक की बोटाला लागायची नाही. माझ्याकडे गुंता सोडवणं. आणि लुगडं मागावरून उतरलं की ते बाबांनी विणलेलं असायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, आईला तर नाहीच. एकदा कुणा पाहुणीनं विचारलं, तुम्हीही विणता का, तेव्हा आई चक्क लाजली होती. “मी कायले विणतो बाप्पा. मी तं कांड्या भरतो.” नवा ताणा चढला की मागाला हळदकुंकू, नारळ, आणि मग पहिला धोटा घरातल्या पुरुषानं फेकायचा. बाबा तापानं फणफणले होते तेव्हा एवढ्याशा दादाला उचलून मागावर बसवलं आणि त्याच्या हातून तो फेकवून घेतला. त्या ताण्याचा धागा न् धागा जिच्या बोटांखालून गेला होता ती आई बाजूला हात जोडून उभी. असं का, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

भंडारा जिल्ह्याचे दोन भाग होऊन काही वर्षं झाली होती. गोंदियाकडची कार्यालयं तिकडे गेली, उरलेल्यांत नव्या मांडामांडीबरोबर कॉम्प्युटर आले, आणि तहसीलीबाहेर निंबाखाली बसणाऱ्या टायपिंगवाल्यांची खटखट विरळ होऊ लागली. ताई तेव्हा भंडाऱ्याला बी.कॉम. करत होती आणि जोडीला एका संस्थेत कॉम्प्युटर शिकत होती. मुलींची नावं तिथे न विचारताच टायपिंगच्या वर्गात घालत. ही दुरुस्तीच्या वर्गात जाऊन बसली आणि कुणी उठवेना म्हणून बसतच राहिली. माझी वेणी घालताना एकदा म्हणाली होती, “मले फक्त येवढं पायजे, लोकाईनं म्हणावं का इले मशीन जोडता येते.” मोहाडीत कॉम्प्युटरचा क्लास निघणार अशी बोलवा होती, तिथली यंत्रं सांभाळायचं काम तिला हवं होतं. पण काही करून दाखवल्याशिवाय विणकराच्या पोरीला असं काम कोण देणार? तयार कॉम्प्युटर आमच्या ऐपतीबाहेरचा. म्हणून तिनं ठरवलं, सुटे भाग आणायचे आणि घरी जोडायचा.

नागपूरच्या बाजारातून ती ते भाग थोडेथोडे आणायची. मॉनिटर भुशात ठेवलेल्या अंड्यासारखा जपत, हार्डडिस्क आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर, असं वरठीच्या स्टेशनापर्यंत रेल्वेनं आणि पुढे ऑटोनं. मागाच्या खोलीतच एका लाकडी पाटावर तिनं मांडामांड केली. मदरबोर्ड रुपेरी पिशवीतून काढला तेव्हा एक अनोळखी वास आला, नव्या वहीचा आणि डांबरगोळीचा मिळून असावा तसा. प्रत्येक भाग उचलण्याआधी ती खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावून यायची. आईनं बराच वेळ हे पाहिलं.

“कोणाच्या पाया पडून राहिली वं खिडकीत?”

“पाया नाई पडत, आई. अंगातली बिजली उतरवून राहिली. नाई तं हे जळून जाते.”

“अंगात बिजली? मंग कांड्या भरताना कुठी जाते थे?” असं म्हणून आई पुन्हा चरख्याकडे वळली. पण त्यानंतर ताईच्या जवळून जाताना तीही हळूच गजाला बोट लावू लागली.

कॅबिनेटच्या बटनापासून येणाऱ्या बारीक तारा मदरबोर्डच्या त्याहून बारीक पिनांवर बसवताना मी ताईकडे बघत बसायचे. डोळे किंचित बारीक, जिभेचं टोक ओठांत, आणि बोटांत सांधणीची तीच सवय. कुठेही ओढाताण नाही. तारांचा लोंबता जुडगा तिनं सुताच्या उरल्यासुरल्या तुकड्यांनी बांधून टाकला. मला वाटतं, काम नीट चाललं की ती स्वतःशी गुणगुणायची हे तिलाही ठाऊक नसावं. दादा अधूनमधून डोकावून “झालं का वं?” विचारायचा आणि बॅट घेऊन तलावाच्या पाळीकडे पळायचा. तो स्वभावानं वाईट नव्हता, आजही नाही. त्याला त्यात रस नव्हता, इतकंच.

मग ती दुपार. बाबा जेवून लवंडलेले, आई शेजारी गेलेली. ताईनं मला दार लोटायला सांगितलं आणि बटन दाबलं. पंखा फिरला, पण पडदा काळाच, आणि आतून एक लांब बीप, थांबून पुन्हा तशीच. ताईनं शांतपणे वायर काढली, गजाला हात लावला, रॅमची पट्टी उपसली, माझ्या कंपासातल्या खोडरबरनं तिची सोनेरी कडा पुसली आणि पुन्हा दाबून बसवली. दोन्ही बाजूंनी टक् असा आवाज आला. या खेपेला एकच छोटी बीप झाली आणि काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावली. ताई जमिनीवर बसली होती, तशीच मागे भिंतीला टेकली आणि हसत सुटली, आवाज न करता, खांदे हलवत. तिचं तसं हसणं मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिलं नाही. मग तिनं कॉम्प्युटर बंद केला, कारण बाबांनी चांगला दिवस काढून ठेवला होता आणि त्यांच्या हौसेवर तिला पाणी फिरवायचं नव्हतं.

त्या चांगल्या दिवशी कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं, नारळ आला, आळीतले चार लोक जमले. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं.

“पोट्टा कुठी गेला? बोलाव त्याले. बटन कोण दाबन?”

“बाबा, ताईनं बनवला नं. ताई दाबन,” मी म्हटलं.

बाबा रागावले असते तरी मला चाललं असतं. ते रागावले नाहीत. त्यांना नवल वाटलं. “थे तं आहेच नं इथं,” म्हणाले. “त्याले बोलाव.”

दादाला पाळीवरून बोलावून आणलं. चिखलाच्या पायांनी तो आला, कॉम्प्युटरसमोर उभा राहिला आणि ताईला हळूच म्हणाला, “कोणतं दाबू वं?” तिनं बोटानं दाखवलं. त्यानं दाबलं. पडदा उजळला, लोकांनी वाहवा केली, पहिला पेढा त्याच्या तोंडात गेला. मी आजही तो क्षण आठवला की दात आवळते. ज्याला बटन कोणतं हे विचारावं लागलं, त्याच्या नावावर अख्खं यंत्र चढलं, आणि तिथल्या एकाही शहाण्याला त्यात विसंगती दिसली नाही. आठवडी बाजारापर्यंत बातमी गेली की कोष्ट्याच्या पोट्ट्यानं कॉम्प्युटर बनवला.

क्लास खरोखरच निघाला आणि त्याचे मालक घरी आले. ताईनं त्या दिवशी ठेवणीतला ड्रेस घातला होता. तिला वाटलं होतं, यंत्र पाहतील, विचारतील, मग आपण सांगू. त्यांनी यंत्र पाहिलं आणि विचारलंही.

“कोणी बनवला हा?”

“आमच्यावाल्या पोट्ट्यानं,” बाबा म्हणाले.

मालकांनी दादाकडे वळून परीक्षा घेतली. सुरू करताना लांब बीप वाजत राहिली, तर काय समजायचं? दादानं चहा घेऊन आलेल्या ताईकडे पाहिलं. ताई ट्रे हातात धरूनच म्हणाली, “रॅम नीट बसली नसन. काढून, पुसून, पुन्हा दाबून बसवा लागते.”

मालक खूश झाले. दादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “वा! बहिणीलेही शिकवलं तुनं.”

बाबा हसले. दादाही ओशाळं हसला. मी दारातून “अवो, तिनंच तं…” इतकं बोलले आणि आईनं मला साखरेचा डबा द्यायला आत बोलावलं. त्या गृहस्थांना मी पुढे अनेक वर्षं मनातल्या मनात ऐकवत राहिले. डोळ्यांसमोर उत्तर देणारी उभी होती, तिचंच उत्तर ऐकून त्यांनी शाबासकी दुसऱ्याला दिली, आणि वर आपण गुणग्राहक असल्याचं समाधान घेऊन ते उठले. ताईनं रिकामे कप गोळा केले. क्लासमधलं काम दादाला मिळालं.

संध्याकाळी घरी आला की तो चरख्याजवळ बसायचा आणि विचारायचा, असं झालं तर काय करू, तसं झालं तर काय करू. ताई कांडी भरता भरता सांगायची. हळूहळू तो शिकला, चांगला शिकला. पुढे दुकान त्यानं स्वतःच्या मेहनतीनं उभं केलं, हे मी कुणाहीपुढे मान्य करीन. ताईला पाहायला पाहुणे आले तेव्हा भरतकामाच्या रुमालाखाली झाकलेलं ते यंत्र त्यांनी पाहिलं, आणि बाबा म्हणाले, पोराचं आहे. नाकाडोंगरीकडे तिचं लग्न झालं. जावई खाणीच्या कचेरीत. आंदणात कपाट दिलं, फ्रिज दिला, आणि शिलाई मशीन दिली, कारण आमच्या पोरीला मशिनीची आवड आहे, असं बाबांनी व्याह्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं. जे यंत्र तिनं बनवलं ते द्यावं, हे त्या मांडवात माझ्याशिवाय कुणाच्या डोक्यातही आलं नसेल.

तर परवाचा वर्धापनदिन. ते जुनं यंत्र दुकानात काचेच्या पेटीत ठेवलेलं, वर झेंडूचा हार. दादानं भाषण केलं. सुट्या भागांसाठी नागपूरच्या खेपा, मांडीवर धरून आणलेली हार्डडिस्क, पहिल्यांदा वाजलेली ती लांब बीप, सगळं त्यानं इतकं मन लावून सांगितलं की माझे कान टवकारले. त्याच्या आवाजात खोटेपणाचा लवलेश नव्हता. ताईनं त्याला कधीतरी सांगितलेलं सगळं आता त्याच्या स्वतःच्या आयुष्यात घडून गेलं होतं. समोर खुर्चीत बसलेले थकलेले बाबा मान डोलावत होते. ताईनं ताट घेऊन त्याला ओवाळलं, मग त्या काचेच्या पेटीलाही ओवाळलं.

मागच्या खोलीत आम्ही दोघीच नाश्त्याच्या प्लेटा भरत होतो.

“ताई, तुले राग नाई येत? बाहेर काय लिहिलं आहे, पायलं का?”

“पायलं नं. फोटो किती मस्त आला भाऊचा.”

“कॉम्प्युटर तुनं बनवला होता.”

ती चिवडा वाढता वाढता थांबली आणि माझ्याकडे पाहून हसली, लाजल्यासारखी. “मी कायले बनवतो वं? मी तं निस्ता जोडून देला होता. बनवला त्यानंच.”

मी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं. टोमणा, जुनी सल, गिळलेला आवंढा, काहीही. तिथे काही नव्हतं. मनापासून खरं वाटणारी गोष्ट माणूस जशी सांगतो, तसं तिनं सांगितलं होतं. “भाऊले काही बोलू नको,” एवढं म्हणून ती प्लेटा घेऊन बाहेर गेली.

इतकी वर्षं मी तिच्या वतीनं भांडत आले आणि आता तीही समोरच्या बाजूला जाऊन बसली आहे. आई गेली. दार लोटलेली ती दुपार आता जगात फक्त माझ्याकडे उरली आहे, आणि माझ्यामागे मोहाडीतला पहिला कॉम्प्युटर दादानं बनवला हे खरंच होऊन जाईल. म्हणून नाव न घालता का होईना, लिहून ठेवलं. ताईच्या हाती हे कधी पडलं तर ती माझ्यावर रागावेल. रागावू दे.