सात घरांना दिलेला शब्द

रत्नागिरीहून आगबोट गाठायची म्हणजे आधी पडावात (किनाऱ्यापासून बोटीपर्यंत उतारू नेणारा मोठा मचवा) बसावे लागते. त्या सकाळी पडावाचे सुकाणू माझ्या बाबांनी हट्टाने आपल्या हाती घेतले होते. जन्मभर तांडेलकी केलेला माणूस, लेक परदेशी निघाल्यावर दुसऱ्याला सुकाणू देतो कशाला? बोटीच्या शिडीशी आल्यावर ते एवढेच म्हणाले, "पाय नीट टाक गो बाय. बोट हलली म्हणून आपण हलायचं नाय."

मी हललेच. पिशवी पाण्यात जाता जाता राहिली आणि आतल्या खोबरेलाच्या बाटल्या वाचल्या.

मी रत्नागिरीच्या सूतिकागृहातली नर्स. डेन्मार्कमधल्या एका स्त्रीसंस्थेने निरनिराळ्या देशांतल्या आठ उमेदीच्या बायका तीन महिन्यांसाठी बोलावल्या होत्या. कुणी वकील, कुणी शिक्षिका, कुणी डॉक्टर. प्रत्येकीने आपल्याच पेशातल्या बाईच्या घरी राहायचे, तिचे काम पाहायचे आणि आपले दाखवायचे. आमच्या जिल्ह्याला ही जागा एकाच वर्षापुरती, पारखून पाहण्यासाठी मिळाली होती. माझे नीट पार पडले तर पुढच्या वर्षी दुसरी जाणार होती, आणि ती म्हणजे माझ्या हाताखाली शिकणारी संगमेश्वरकडची यमुना, हे मी मनाशी ठरवून टाकले होते. मुंबईहून मोठी बोट सुटल्यावर मात्र ही तांडेलाची लेक एडनपर्यंत आडवी होती. बाबांना हे अजून सांगितलेले नाही.

इटलीत जिनोव्हाला उतरून आगगाडीने दोन दिवसांनी फ्यून नावाच्या बेटावर पोहोचले. सगळीकडे सपाट, हिरवी, लोण्यासारखी जमीन. आमच्या कातळावर वाढलेल्या माणसाला ती पाहून थोडा रागच येतो. माझी यजमानीण मारेनबाई गावची सुईण होती, पन्नाशीची, हाडापेराने मजबूत. पहिल्या रात्री तिने काळ्या आंबूस पावावर सिल्ड (मुरवलेला मासा) वाढला. तो गोड निघाला. माशात साखर घालणाऱ्याला आमच्या मांडवीत कुणी दारात उभे करणार नाही. तिसऱ्या आठवड्यात मी तो मागून घेऊ लागले, ही गोष्ट वेगळी.

मारेनबाई सायकलवरून घरोघर जायची आणि मी मागे कॅरिअर घट्ट धरून बसायची. एका घरी तान्हे मूल सारखे रडत होते. मी आईला खुणेने विचारले, जमिनीवर पाय लांब करून बसले, मुलाला पायांवर घेतले आणि आपल्याकडे लावतात तसे खोबरेल लावून त्याला चांगले चोळले. मारेनबाई हाताची घडी घालून बघत होती. मूल झोपले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या घराचे बोलावणे आले, मग त्याच्या पलीकडचे. अशी सात घरे झाली आणि माझी मान चांगलीच वर गेली. निघताना काहीतरी बोलायला हवे म्हणून मारेनबाईला विचारून दोन शब्द पाठ केले होते, 'यै कोमर' (मी येते). ते मी प्रत्येक दारात म्हणत असे.

महिनाभराने संस्थेच्या चिटणीस कुमारी होल्म आल्या. हातमोजे काढून त्यांनी टेबलावर ठेवले आणि इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचे हात चांगले आहेत. पण तुम्ही सात घरांना येते म्हणून सांगितलंत आणि एकाही घरी परत गेला नाहीत. एका आईने बाळाची अंघोळ संध्याकाळपर्यंत तुमच्यासाठी थांबवली. जी नर्स येते म्हणून येत नाही, तिच्या गावाला पुढच्या वर्षीची जागा द्या असं मी कसं लिहू?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "आमच्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही," मी म्हणाले. "ते अशुभ. निघणारा प्रत्येक जण 'येतो' असंच म्हणतो."

"आणि मग येतो का?"

"कधीतरी," मी म्हणाले. त्यांनी ते वहीत लिहून घेतले.

त्या गेल्यावर मारेनबाई खुणांनी सांगू लागली, 'मी समजावते सगळ्यांना.' मला ते पटेना. मी बोलले होते आणि माणसे थांबली होती, ते खोटे थोडेच होते? यमुनाचे तोंड डोळ्यांपुढे येत होते. मला सायकल येत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पायी निघाले. दोन दिवसांत सातही घरे केली. बुटांनी टाचा सोलल्या. सातवे घर पार समुद्राकडे होते. त्या आईने मला पाहिले आणि एकच शब्द विचारला, "कोमर?"

"कोमर," मी म्हणाले आणि पाय लांब करून बसले.

पुढचे दोन महिने मी त्या घरांना वार सांगत असे आणि त्या वारी जात असे. परत निघताना स्टेशनावर सातजणी मुले घेऊन आल्या. निरोपाचा त्यांचा शब्द मला येत होता, पण जिभेवर येईना. तोंडातून निघाले ते 'यै कोमर'च. निरोपाला आलेल्या कुमारी होल्म हसल्या नाहीत. त्यांनी वही उघडली.

रत्नागिरीला परतून महिना होतो न होतो तोच त्यांचे पत्र आले. 'तुम्ही येते म्हणालात. आमच्याकडे तो शब्द धरतात, म्हणून रत्नागिरीची जागा राखली आहे. तुम्हाला जमणार नसेल तर जिच्या शब्दाला तुम्ही जामीन राहाल, तिला पाठवा.' ते पत्र मी सूतिकागृहात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवले, आणि मला अभिमान वाटला हे लपवत नाही. एवढ्या मोठ्या जगात आमच्या गावच्या एका रोजच्या शब्दावर कुणी जागा धरून बसले होते. यमुना नुसती पदराशी चाळा करत होती. मग हळूच म्हणाली, "बाई, तिकडं लोकांच्या घरून निघताना मी काय म्हणू?"

"येते म्हण गो," मी म्हणाले. "आणि मग त्या घरी परत जा."