दाजींची ऑइलची पट्टी

नांदेडपासून लातूरपर्यंत जेवढ्या चारचाकी गाड्या धडपणे धावतात, त्या सगळ्या आपल्याच जिवावर धावतात असं आमच्या दाजींचं प्रामाणिक मत आहे. दाजी म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, नात्यानं माझे साडू. लातुरात कापडाचं दुकान, घरात गौरी नावाची एकुलती एक लेक आणि दारात एक म्हातारी पांढरी गाडी. इंजिनात ऑइल किती आहे ते बघायची एक लांब पट्टी असते. तिच्यावर दोन खुणा असतात आणि ऑइल त्या दोन खुणांच्या मधे असावं, एवढीच त्या बिचारीची अपेक्षा असते. तुम्ही-आम्ही ती पट्टी कधी बघतो? गाडी सर्व्हिसिंगला गेली की, आणि तेव्हाही मेकॅनिकच बघतो. दाजी रोज सकाळी बघतात, आंघोळ करून बघतात आणि बघितल्याशिवाय चहाला तोंड लावत नाहीत.

बरं, बघायचं तर बघा ना बाबा, कोण अडवतंय! पण त्याचं केवढं सोवळं! गाडी सपाट जागेवरच हवी. इंजिन बंद केल्यावर ऑइल खाली उतरेपर्यंत थांबायलाच हवं. पट्टी पुसायची ती दुकानातून आणलेल्या कोऱ्या मांजरपाटानंच. यातलं मांजरपाट सोडलं तर बाकी सगळं मेकॅनिकही सांगतो, आणि तोच तर खरा ताप आहे. माणूस चुकत असता तर भांडता तरी आलं असतं. एकदा नांदेडला आमच्या घरून आम्ही सगळे दाजींच्या गाडीतून कंधारला बारशाला निघालो. अर्ध्या वाटेत दाजींना इंजिनाचा आवाज बदललेला वाटला. मला नाही वाटला, गाडीत कुणालाच नाही वाटला. गाडी एका टपरीपाशी थांबली. जागा सपाट आहे का हे बघायला दाजींनी चहा मागवला, बशीत ओतला, बशी जमिनीवर ठेवली आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. चहा एका कडेला सरकला. "उतार हाय," असं जाहीर करून त्यांनी गाडी थोडी पुढं घेतली आणि नवा चहा मागवला. टपरीवाल्यानं मला हळूच विचारलं, "मालक, हे पाव्हणे जमीन मोजणीला आलेत का?" आम्ही कंधारात पोचलो तेव्हा बाळाचं नाव ठेवून झालं होतं आणि बाळ झोपलं होतं. बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. दाजींशी बोलली, कारण ते थोरले!

लातुरात त्यांनी सपाट जागेचा प्रश्न कायमचा सोडवलाय. मित्राची डाळमिल आहे, तिथं ट्रक तोलायचा मोठा वजनकाटा आहे. दर रविवारी दाजी आपली गाडी त्या काट्यावर नेऊन उभी करतात आणि खिशात हात घालून ऑइल उतरायची वाट बघतात. मागं तुरीचे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून दमतात. दाजी शांत. "थांबा की हो जरा, ऑइल उतरून राहिलंय!" मीही एकदा त्यांच्यासोबत गेलो होतो. ट्रकवाल्यांच्या शिव्या मात्र सगळ्या मी खाल्ल्या, कारण दाजींचं डोकं बॉनेटमध्ये होतं.

हेही चाललं असतं हो. पण दाजी त्या पट्टीवरून माणसं ओळखायला लागले आणि तिथं आमचं कपाळ फुटलं. गौरीला बघायला जळकोटची मंडळी आली. पोरगा नोकरीला, घरची शेती, माणसं साधी. आत पोह्यांच्या बशा आल्या आणि दाजी गायब. मी बाहेर जाऊन बघतो तर हे पाहुण्यांच्या जीपच्या बॉनेटखाली अर्धे आत! पाहुणे गेल्यावर दाजींनी मला निकाल सांगितला. "पाव्हणं, ऑइल खालच्या खुणेच्याही खाली हाय. इंजिनाला उपाशी ठेवणारी माणसं माझ्या पोरीला काय खाऊ घालणार?" मग कंधारचं स्थळ आलं. त्यांच्या गाडीत ऑइल वरच्या खुणेच्या पार वर. "न्हाई जमत. भरायला घेतलं की भरतच सुटतात. लई सैल हात हाय." मी म्हटलं, "दाजी, मुलाकडं तर बघा!" ते म्हणाले, "मुलगा काय, त्या दिवसापुरता कुणीबी भांग पाडून येतो." मी पोहे खाल्ले.

तिसरं स्थळ मी स्वतः आणलं. मुलगा उदगीरचा, वडलांचं किराणा दुकान, हा लातुरात इंजिनिअर. त्याची आणि गौरीची माझ्याच घरी एकदा भेट झाली होती, मग फोनवर बोलणंही होत होतं. बघण्याच्या आदल्या दिवशी गौरीचा फोन आला. "काका, आधीचे दोघं मलाच नको होते, म्हणून पप्पांच्या ऑइलला मी काही बोलले नाही. पण हा मला पाहिजे. उद्या पप्पांनी बॉनेट उघडून ह्यालाही नाही म्हटलं, तर मी काय करू हो?" पोरीचा आवाज रडवेला झालेला. लाजलज्जा गुंडाळून मी मुलाच्या वडलांना फोन लावला. म्हटलं, "बाकी काही आणू नका, फक्त गाडीचं ऑइल दोन खुणांच्या बरोबर मधे ठेवून या." ते म्हणाले, "बरं."

दुसऱ्या दिवशी मंडळी आली ती कोऱ्या करकरीत इलेक्ट्रिक गाडीतून! मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मुलाचे वडील माझ्या कानाशी येऊन खुशीत म्हणाले, "तुम्हाला ऑइलची एवढी काळजी, तर म्हटलं पोराची नवी बिनऑइलचीच आणावी." आता बोला! दाजी मांजरपाट घेऊन तयारच होते. मुलानं आदबीनं बॉनेट उघडून दिलं. दाजींनी इकडून बघितलं, तिकडून बघितलं, हात घालून चाचपलं. "पट्टी कुठं हाय?" मुलगा म्हणाला, "काका, हिला ऑइलच लागत नाही." दाजींनी बॉनेट हळूच लावलं, आत आले आणि पोह्यांची बशी हातात घेऊन नुसते बसून राहिले. दारातून गौरी माझ्याकडं बघत होती आणि मी छताकडं.

मग दाजी उठले, थेट स्वयंपाकघरात गेले. मी मागोमाग, कारण काही विपरीत बोलले तर तोंडावर हात ठेवायला कुणीतरी पाहिजे. दाजी ओट्याशी उभे राहिले. हातातल्या कापडाची घडी घालत, मोडत म्हणाले, "बाई, गाडीवरून मला तर काही कळंना. आता तूच सांग." गौरीला आधी हसू आलं, मग रडू. मान हलवत म्हणाली, "हाव, पप्पा." दाजी म्हणाले, "मग झालं तर." आणि बाहेर येऊन त्यांनी मुलाच्या बशीत स्वतःच्या हातानं पोहे वाढले, तो नको नको म्हणत असताना.

लग्न लातुरातच झालं. पाठवणीच्या वेळी त्याच गाडीला फुलं लावली होती. दाजींनी लेकीला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, तिला गाडीत बसवलं आणि चटकन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. खिशातून मांजरपाट काढून डोळ्यांना लावलं. बायका रडत होत्या, बँड थांबला होता. गाडी निघाली, वळणावर गौरीनं काचेतून हात हलवला आणि गाडी दिसेनाशी झाली. दाजी तसेच भिंतीकडं तोंड करून उभे. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला. ते दचकून वळले आणि मोकळ्या रस्त्याकडं बघतच राहिले.

"गेली?"

"गेली, दाजी."

"इंजिन चालू झालं की वळणार होतो हो," ते म्हणाले. "आवाजच आला न्हाई."