सात तासांचं ऑपरेशन

आमच्या घरात निर्णय हात वर करून व्हायचे. माझं कॉलेज, राजाजीनगरातलं भाड्याचं घर सोडायचं की नाही, अगदी फ्रिजसुद्धा. अण्णा, म्हणजे माझे वडील, पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेथवर होते आणि युनियनची पत्रकं लिहायचे. ती वाचतच मी मोठी झाले. बंद खोलीत झालेला करार आम्हाला मान्य नाही, हे वाक्य मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं.

गेल्या वर्षी अण्णांच्या उजव्या हातातून पेन गळायला लागलं. स्कॅनमध्ये मेंदूच्या अगदी आत गाठ दिसली. सर्जनबाईंनी पडद्यावर बोट ठेवून समजावलं: तिथवर पोचायचं तर चांगल्या मेंदूतून वाट काढावी लागते. सात तास तरी लागतील. गाठ बरीचशी निघाली तर जास्त वर्षं मिळतील, पण वाचा जाऊ शकते. नाहीतर सुई घालून तपासणीपुरता तुकडा घ्यायचा आणि रेडिएशन द्यायचं. त्यात धोका कमी, वर्षंही कमी.

त्या रविवारी अण्णांनी संमतीपत्र मोठ्याने वाचलं, एकेक कलम मराठीत फोडून. मग विचारलं, "काढायची?" माझा हात आधी वर गेला. मग आईचा. शेवटी त्यांचा उजवा, डाव्या हाताचा आधार देऊन.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आठला त्यांना आत नेलं. मी पाणी, चार्जर, पुस्तक घेऊन सात तासांच्या तयारीने बसले होते. दहाच्या सुमाराला सर्जनबाई बाहेर आल्या. इतक्या लवकर म्हणजे एकच अर्थ, असं मला वाटलं.

"व्यवस्थित झालं," त्या म्हणाल्या. "तुकडा मिळाला. शुद्धीवर येतायत."

"आणि गाठ?"

"काल संध्याकाळी त्यांनी संमती बदलली. तुम्हाला सांगितलं असेल, असं मी धरून चालले."

आई दहीभाताच्या डब्याचं झाकण काढत होती. तिने मान वर केली नाही.

"काल मला कॉफी आणायला पाठवलंत तेव्हा?" मी तिला विचारलं.

"हो. तू ओरडली असतीस."

"ओरडलेच असते!"

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी अण्णा वॉर्डात उशीला टेकून बसले होते. डोक्याला छोटीशी पट्टी. मी तब्येतही विचारली नाही.

"बंद खोलीत सही करणाऱ्याला तुम्ही काय म्हणायचात, अण्णा?"

"दलाल," ते म्हणाले. शब्द स्वच्छ आला, म्हणून स्वतःवरच खूश होऊन हसले.

"हसू नका. मग मतं कशाला घेतलीत?"

त्यांचं हसू गेलं. "वाटलं होतं, एक तरी हात खाली राहील. निदान तुझा. तो तर सगळ्यात आधी वर गेला. त्याच्यापुढे मला भीती वाटते म्हणायची लाज वाटली, पोरी. मुका होऊन दहा वर्षं जगायची भीती."

देह त्यांचा, निर्णय त्यांचा. हे मी डॉक्टरांशी, आईशी, नातेवाईकांशी भांडून सांगितलं असतं, स्वतःच्या मताविरुद्धसुद्धा. मला असंच वाढवलं होतं त्यांनी. आणि त्यांनी मला ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्यात, टेबलापलीकडे मालकाच्या बाजूला बसवलं. ती एक संध्याकाळ मला अजून गिळता आलेली नाही.

आता रोज रेडिएशनला रिक्षाने जातो. अण्णा ड्रायव्हरशी कन्नडमध्ये अखंड बोलतात: मेट्रोचे खांब, टोमॅटो, त्याच्या मुलीची परीक्षा. मी दुसऱ्या कडेला बाहेर बघत बसते.

काल मध्येच थांबून त्यांनी विचारलं, "अजून राग आहे?"

"आहे."

"सरी," ते कन्नडमध्येच म्हणाले, म्हणजे 'बरं', आणि ड्रायव्हरला पुढच्या सिग्नलला डावीकडे वळायला सांगू लागले.