आधी वाचून दाखव

गाडीच्या शोरूममध्ये त्या टायवाल्यानं माझा अंगठा पकडला. विचारलं नाही. टेबलावरून हात ओढला, अंगठा शाईच्या पॅडवर दाबला आणि माझ्या पोराकडं पाहून म्हणाला, "पिताजी को क्या समझेगा. तुम बस ठप्पे लगवा लो, गाड़ी परसों घर पे."

पोरगा, अमोल, हसला. साहेबासमोर माणूस हसतो तसं.

मी हात मागं ओढला. शाई सदऱ्याला लागली. सुनेनं इस्त्री करून दिलेला पांढरा सदरा.

"मी सही करतो," मी म्हणालो.

"अरे वा. काका सही करते."

शेजारच्या टेबलावरची मुलगी मान खाली घालून हसली. काचेपलीकडं गाडी उभी होती, नवी, पांढरी.

गाडी अमोलला पाहिजे होती. दहा वर्षं त्यानं दुसऱ्याची कॅब चालवली, आता स्वतःची लावायची होती. त्यात चूक काही नाही. मीच म्हटलं होतं, घे. पण बँकेनं पत्ता वाचला आणि फाइल परत केली. "तुमच्या एरियात आम्ही गाडीचं लोन करत नाही." एवढंच. आमच्या वस्तीनं कोणाचं काय बुडवलं ते सांगितलं नाही. मग शोरूमवाल्यानंच हा टायवाला गाठून दिला, प्रायव्हेट फायनान्सवाला. हा एरिया विचारत नव्हता. हा विचारत होता, घर कोणाच्या नावानं आहे.

घर माझ्या नावानं. दोन वर्षांपूर्वी सरकारकडून जागेचा पट्टा मिळाला. तोवर आम्ही अतिक्रमण होतो.

हप्ता ऐकला तेव्हा मी मनात हिशेब मांडून पाहिला. गाडी रोज बारा तास फिरली, एक दिवस बंद पडली नाही, पोराला ताप आला नाही, तर भागते. असं कोणतं घर आहे जिथं ताप येत नाही.

आता अंगठ्याचं सांगतो. लाज वाटते, पण सांगतो.

मी तिसरीपर्यंत शिकलो. जवानीत कोराडीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडं राखेच्या कामावर होतो. पगाराच्या दिवशी मुनीम कोरे कागद पुढं करायचा. आम्ही ओळीनं अंगठे द्यायचो. मला सही येत होती. तरी मी अंगठाच द्यायचो. सही करणाऱ्याकडं मुनीम डोळे वर करून पाहायचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला काम नसायचं.

मग किसना गरम राखेत कमरेपर्यंत गेला. आमच्याच वस्तीतला. तीन दिवस दवाखान्यात ओरडला आणि मेला. त्याची बायको भरपाई मागायला गेली तर ठेकेदारानं त्यातलाच एक कागद काढला, आता भरलेला. किसनाला पैसे पोचले, तक्रार नाही. खाली किसनाचा अंगठा. त्याच्या खाली साक्षीदाराचे दोन. एक माझा.

ती माझ्या दारात आली. "भाऊ, तुमच्यासमोर देल्ले का पैसे?"

मी खाली पाहिलं. दुसरं काही केलं नाही. ती बाई त्यानंतर वीस वर्षं आमच्याच गल्लीतून पाणी नेत होती. माझ्याशी कधी बोलली नाही. तिचं बरोबर होतं.

त्या दिवसानंतर मी कुठं अंगठा दिला नाही.

म्हणून त्या टायवाल्याला म्हटलं, "सही करतो. आधी वाचून दाखव."

"काका, बावीस पानं आहेत."

"मी बसलो हाये."

"इंग्लिश आहे."

"तुले येते ना. मराठीत सांग."

अमोल दात आवळून बोलला, "बाबा, काहून इज्जत काढून राहिले माही?"

"बस गा," मी म्हटलं.

तो वाचायला लागला. आमच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. एक जण वाचतो, वस्ती ऐकते. मला भरभर वाचता येत नाही, पण ऐकता येतं. चाळीस वर्षं ऐकतो आहे. वाचणाऱ्यानं ओळ गाळली की मला कळतं. त्याचा आवाज घसरतो, पुढच्या शब्दावर तो घाईनं येतो. आता माझी सून रंजना वाचते. अडली तर मागं जाते, पण सोडत नाही. म्हणून बाया तिलाच वाचायला बसवतात.

टायवाला नवव्या पानावर घाईनं आला. बोट वर होतं, एकदम खाली गेलं. मधे अर्धं पान अक्षरांनी काळं. त्याचं त्यानं एक वाक्य केलं. "ये तो नॉर्मल है, सबको होता है."

"मधलं राहिलं," मी म्हणालो.

"काही नाही काका त्यात."

"काही नाही तर एवढं लिवलं काहून?"

आता ती मुलगी हसत नव्हती. टायवाल्यानं अमोलकडं पाहिलं, मग पानाकडं. हळू सांगितलं. हप्ते थांबले तर गाडी नोटीस न देता उचलणार. गाडी विकून भागलं नाही तर घरावर येणार.

"पण तशी वेळ येत नाही," तो म्हणाला.

"अन् हे खाली?" खाली जागा रिकाम्या होत्या. रक्कम नाही, तारीख नाही.

"वो ऑफिस में भरते हैं."

कोऱ्या जागा मी ओळखतो. उठलो. अमोलच्या मोटरसायकलवर मागं बसून घरी आलो. वर्धा रोडवरच्या शोरूमपासून वस्तीपर्यंत त्यानं ती प्रत्येक खड्ड्यात आदळली.

मला वाटलं, संपलं. पण त्याला फोन येत राहिले. फोन आला की तो बाहेर जाऊन बोलायचा, माझ्याकडं पाठ करून. आठ दिवसांनी मी पेटी उघडली. पट्ट्याची पिशवी मी तळाशी ठेवत असतो. ती वर होती.

रंजनाला विचारलं. ती भाकरी थापत होती, हात थांबले.

"यायनं पट्ट्याचा फोटो काढला, बाबा. फायनान्सवाल्यानं मागितला."

"अन् माही सही?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग तव्याकडं पाहून म्हणाली, "हे त्याले फोनवर म्हणत होते, थांबा थोडं. बाबा आता किती दिवस राहतीन."

पोटचा पोरगा. मी त्याला शिव्या दिल्या नाहीत. त्या टायवाल्यानं माझा अंगठा धरला होता. पोराला त्यानं पूर्ण धरलं होतं.

"रंजना, आधार कार्ड काढून ठेव," मी म्हणालो. "रजिस्ट्री ऑफिसले जाऊ. बक्षीसपत्र करतो. घर तुह्या नावानं."

ती घाबरली. "नका करू बाबा. ते मले घरात ठेवणार नाही."

"घर तुहं असन तर तुले काढणारा तो कोण?"

अमोल दारात उभा होता. सगळं ऐकलं त्यानं. जेवला नाही, निघून गेला. काल वस्तीत सांगत होता म्हणे, बुढ्ढा सटकला, सुनेनं फितवलं.

सटकलो तर सटकलो. गाडी त्यानं घ्यावी, त्याच्या नावावर, त्याच्या जोरावर. हे घर त्या बावीस पानांत जाणार नाही. मी जिवंत असतानाही नाही, मेल्यावरही नाही. सोमवारी मी आणि सून जातो आहोत. पोरगा दारात आडवा पडला तर त्याला ओलांडून जाईन.